नॉर्टन गावची सराई

(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेल्या भाषणाचा मजकूर)



पत्रिकेवर माझ्या भाषणाचा विषय नुसता 'जुनी सराई' असा छापला गेला, त्यामुळे कोणाला मोगलांची एखादी सराई आठवली असेल. ती सराई इथली नव्हे, इंग्लंडातली आहे. इंग्लंडच्या नैर्ऋत्येला सॉमरसेट नावाचा परगणा आहे. तेथे बाथ शहरापासून तासाभराच्याही आत गाठता येईल असे नॉर्टन सेंट फिलिप नावाचे लहानसे खेडे आहे आणि त्या खेड्यात 'जॉर्ज इन' नावाची सुमारे सहाशे वर्षांची जुनी वास्तू उभी आहे. मुलीकडे राहायला गेले होते तेव्हा ती मी पाहिली. घरी आल्यावर तिच्याविषयी जे मिळाले ते वाचून काढले, आणि वाचता वाचता जे मनात आले तेच आज आपल्यापुढे मांडते.

प्रथम 'इन' म्हणजे काय ते सांगितले पाहिजे. नाहीतर बाई गुत्त्याचे गुणगान करायला उभ्या राहिल्या असे कोणाला वाटायचे! तेथे दारू मिळते हे खरेच, ते मी लपवीत नाही. पण इन ही मुळात वाटसरूच्या मुक्कामाची जागा. माणसाला अंथरूण, घोड्याला तबेला आणि दोघांना खायला, असा तिचा व्यवहार. इंग्लंडच्या जुन्या रूढ कायद्याने इन चालवणाऱ्यावर एक बंधन घातले होते. दारात आलेल्या प्रवाशाला, जागा असेल आणि तो पैसे द्यायला तयार असेल तर, योग्य कारणावाचून परत पाठवता येत नसे. शिवाय पाहुण्याचे सामान चोरीला गेले तर त्याची जबाबदारी मालकावर. आपल्याकडे धर्मशाळा पुण्यासाठी बांधत, तेथे पैसा घेत नसत. त्यांची इन पैशासाठीच चाले. तरी रात्री-अपरात्री दार उघडणे हे तिचे कायद्याने ठरलेले काम होते, ही गोष्ट मला विशेष वाटली.

आणि दारूचा विषय निघालाच आहे तर हेही ऐकून ठेवा. मध्ययुगात तिकडे धान्यापासून 'एल' नावाचे पेय करीत, ते करण्याचे काम पुष्कळ अंशी बायकांचे होते. घरच्यापुरते करायचे, उरले ते शेजाऱ्यांना विकायचे. एल फार दिवस टिकत नसे. पुढे हॉप्स घालून केलेली बिअर आली, ती टिकू लागली, दूरवर पाठवता येऊ लागली, त्यात भांडवल आले. आणि भांडवल आले तसा तो धंदा हळूहळू पुरुषांच्या हातात गेला. पापड-लोणच्यांचे मोठे कारखाने झाल्यावर आपल्याकडे काय झाले ते तुम्हांला ठाऊकच आहे. असो.

आता नॉर्टनची सराई कोणी बांधली, तर मठवासी साधूंनी! जवळच हिंटन येथे कार्थुझियन पंथाचा मठ होता. या पंथाचे साधू मौनाचे मोठे कडक उपासक. प्रत्येकाची कोठडी वेगळी, कोठडीमागे भिंतीने बंद केलेली छोटी बाग वेगळी. जेवणाचे ताटसुद्धा भिंतीतल्या कोनाड्यातून आत सरकवायचे. असा हा मठ स्थापन केला एका स्त्रीने. सॉल्झबरीची सरदारीण एला ही विधवा झाल्यावर तिने १२३२ साली हा मठ आणि लॅकॉक येथे जोगिणींचा मठ असे दोन मठ काढले. दोन्ही एकाच दिवशी काढले असे सांगतात. पुढे ती स्वतः लॅकॉकच्या मठाची प्रमुख झाली. नॉर्टन गाव हिंटनच्या मठाच्या मालकीचे होते. तो मुलूख मेंढ्यांचा आणि लोकरीचा. गावात दरसाल लोकरीची व कापडाची जत्रा भरे, दूरदूरचे व्यापारी येत. त्यांना उतरायला आणि माल ठेवायला ही वास्तू. ज्यांनी स्वतः तोंड उघडायचे नाही अशा साधूंनी गलबल्यासाठी एवढे मोठे घर बांधावे याची मला फार मौज वाटली. पण मठ चालायला पैसा लागतो, आणि तो जत्रेतून येत होता. ही जत्रा १९०२ सालापर्यंत भरत असे.

आता घराकडे येऊ. समोर उभे राहिले की पहिली गोष्ट डोळ्यांत भरते ती ही, की खालचा मजला दगडाचा आहे आणि वरचे दोन लाकडाचे. आपल्या वाड्यांची आठवण होते. खाली दगडी जोते, वर लाकूड-विटांची माडी, हा हिशेब आपल्याला नवा नाही. खालच्या मजल्याला ओल लागते, गाड्यांची चाके घासतात, जनावरे धडकतात. तेथे दगड बरा. वर हलके बांधकाम केले की पायावर भार कमी. मधोमध कमानीचे दार आहे आणि घराच्या मागच्या बाजूला अंगण. वरच्या मजल्याला बाहेर आलेल्या खिडक्या आहेत, आपल्या सज्जासारख्या, पण बंद. व्यापाऱ्यांच्या मुक्कामाच्या खोल्या मध्ये, आणि सर्वांत वर, छपराखाली, गठ्ठे ठेवण्याची लांबलचक जागा. माल कोरडा राहायला ती उत्तम.

वरचे मजले खालच्या भिंतीपेक्षा पुढे झुकलेले आहेत. पाहणाऱ्याला वाटते घर पडायला आले. पण ते तसे मुद्दाम केलेले असते. मजल्याच्या तुळया खालच्या भिंतीच्या बाहेर हातभर काढायच्या आणि त्यांच्या टोकांवर वरची भिंत उभी करायची. वर थोडी जागा वाढते, पावसाचे पाणी खालच्या भिंतीपासून दूर पडते, आणि टोकावर भिंतीचे वजन बसल्यामुळे तुळईचा आतला भाग खाली झोल खात नाही. तागडीच्या दांडीसारखा हा प्रकार आहे.

लाकूड ओकचे. सागासारखे ते वाळवून वापरायचे नाही. ओले असतानाच घडवायचे, कारण वाळल्यावर ते हत्याराला दाद देत नाही. एका लाकडाचे टोक दुसऱ्याच्या खाचेत बसवून आरपार भोक पाडायचे आणि त्यात लाकडी खुंटी ठोकायची. लाकूड जागेवरच वाळते, वाळताना पिळते आणि त्या पिळाने सांधा आणखी घट्ट होतो. म्हणून अशा घरात एक रेषा सरळ दिसत नाही आणि तरीही घर शतकानुशतके उभे राहते. असा सांगाडा सुतार आपल्या आवारात जमिनीवर आधी जुळवीत, प्रत्येक सांध्यावर पटाशीने आकड्यांच्या खुणा करीत, मग सुटा करून जागेवर नेऊन उभारीत.

आणि सांगाड्यातील मोकळ्या जागा कशाने भरल्या असतील? कुडाने! लवचीक फोकांची विण करायची, तिच्यावर माती, चिरलेला पेंढा आणि शेण यांचा गारा थापायचा, वरून चुन्याचा हात फिरवायचा. त्या जुन्या लाकडी घरांची ही सर्रास रीत होती. इतक्या दूरच्या देशात शेणमातीच्या भिंती निघाल्यावर मला अगदी माहेरचे माणूस भेटल्यासारखे वाटले.

जुनी घरे राखायची म्हणजे काय, याचे निम्मे उत्तर या भिंतीतच आहे. चुना आणि माती ओल शोषून घेतात आणि वारा-ऊन मिळाले की ती सोडून देतात. त्यावर सिमेंटचा गिलावा केला की पाणी फटीतून आत तर जाते, पण बाहेर पडायला वाट राहत नाही. ते लाकडापाशी साचते आणि लाकूड आतून कुजते. बाहेरून घर चकचकीत, आत तुळईचा भुगा. इंग्लंडात गेल्या शतकात अशी कितीतरी घरे सिमेंटने दुरुस्त करून बिघडवली गेली, आणि आता तेच सिमेंट खरवडून काढून पुन्हा चुना लावण्याचे खर्चाचे काम चालते. आपल्या नाक्यावरच्या धर्मशाळेला मागच्या बाजूने सिमेंट थापले आहे, ते ज्यांनी पाहिले असेल त्यांनी पावसाळ्यात आतल्या भिंतीला हात लावून पाहावा.

या घरात कोण कोण उतरले, हे थोडक्यात सांगते. कारण तिकडच्या माहितीपत्रकात यावरच भर असतो आणि मला त्याचे तितके अगत्य नाही. सॅम्युअल पीप्स हा प्रसिद्ध रोजनिशीकार १२ जून १६६८ रोजी कुटुंबासह बाथला जाताना या गावी थांबला, जेवण चांगले झाले आणि दहा शिलिंग पडले असे त्याने लिहून ठेवले. हिशेब लिहिणारा पुरुष म्हणून मला त्याच्याबद्दल आदर आहे. पुढे १६८५ साली मन्मथ सरदाराने राजाविरुद्ध बंड केले, तेव्हा त्याचा तळ या सराईत होता. २७ जूनला गावात चकमक झाली. तो खिडकीपाशी उभा असताना त्याच्यावर गोळी झाडली गेली अशी आख्यायिका आहे. पुढच्याच महिन्यात तो पकडला गेला आणि त्याचा शिरच्छेद झाला.

मला महत्त्वाचे वाटते ते दुसरेच. १५३९ साली आठव्या हेन्रीने हिंटनचा मठ बंद केला. साधू गेले, देऊळ पाडले गेले, दगड लोकांनी नेले. आज तेथे थोडा भाग उरला आहे. पण त्याच मठाने बांधलेली सराई मात्र टिकली. का टिकली? कारण दुसऱ्या दिवशीही कोणीतरी वाटसरू दारात आलाच असणार. चूल पेटायची होती, कौल फुटले तर ते बदलावे लागत होते, नाहीतर पाहुण्याच्या अंगावर पाणी. घर वापरात राहिले, म्हणून त्याची देखभाल झाली. तेव्हा वारशाचा कायदा जन्मालाही आला नव्हता.

कायदा आला तो फार उशिरा. १८७७ साली विल्यम मॉरिस या कवी-कारागिराने जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी एक संस्था काढली. त्याचा राग नुसता पाडणाऱ्यांवर नव्हता, 'जीर्णोद्धार' करणाऱ्यांवरही होता. जुने खरवडून नवे 'जुन्यासारखे' बसवू नका, वेळच्या वेळी दुरुस्ती करा, असे त्याचे म्हणणे. १८८२ साली पहिला कायदा झाला, पण तो मुख्यतः प्राचीन अवशेषांपुरता; राहत्या घरांना त्याचा उपयोग नव्हता. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर आणि इतर शहरांवर बाँब पडू लागले, तेव्हा कोणती पडझड झालेली इमारत पाडायची आणि कोणती सावरायची हे ठरवण्यासाठी वास्तुतज्ज्ञांनी गावोगाव याद्या केल्या. त्या घाईच्या याद्यांच्या अनुभवातून १९४४ आणि १९४७ च्या नगररचना कायद्यांत इमारतींची रीतसर यादी करण्याची तरतूद झाली.

आज इंग्लंडात या यादीत सुमारे चार लाख नोंदी आहेत. तीन श्रेण्या आहेत. पहिल्या श्रेणीत शेकडा अडीच इमारती येतात; आपली नॉर्टनची सराई त्यांतली आहे. म्हणजे खेड्यातली खाणावळ, पण मान मोठमोठ्या राजवाड्यांच्या आणि कॅथीड्रलांच्या पंक्तीचा! सतराशे सालापूर्वीचे आणि मूळ रूप बऱ्यापैकी राखलेले घर बहुधा यादीत येतेच. यादीत आले की परवानगीवाचून ते पाडता येत नाही, आणि त्याचे स्वरूप बदलेल असा फेरफार करता येत नाही. बाहेरची भिंत राखली आणि आत वाटेल ते केले, असेही चालत नाही. जिना, तुळया, चूल सगळे त्यात आले. परवानगीवाचून केले तर तो फौजदारी गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

यावर मालकाची तक्रार असते, आणि ती अगदी खोटी नाही. घर माझे, खर्च माझा, आणि खिळा कोठे ठोकायचा ते कचेरी सांगणार! पहिल्या श्रेणीच्या घराला चुन्याचे कारागीर, ओकचे सुतार लागतात, त्यांची मजुरी जास्त. सरकारी मदत थोडी आणि थोड्यांनाच. त्यात आणखी गंमत म्हणजे नवे घर बांधले तर त्यावर विक्रीकरासारखा जो कर असतो तो शून्य, आणि जुने दुरुस्त केले तर शेकडा वीस! एका हाताने राखा म्हणायचे आणि दुसऱ्या हाताने दंड घ्यायचा, असा हा कारभार मला तरी अनाकलनीय वाटतो.

पण यादीत नसले तर काय होते, तेही ऐका. इंग्लंडच्या मध्यभागात हिमली गावाजवळ 'क्रूकेड हाउस' म्हणजे 'वाकडे घर' होते. १७६५ साली शेतघर म्हणून बांधलेले. खाली कोळशाच्या खाणी खणल्या गेल्या, जमीन खचली आणि घराची एक बाजू दुसरीपेक्षा सुमारे चार फूट खाली गेली. पुढे तेथे खाणावळ झाली. आत गोटी ठेवली तर ती चढावर घरंगळते असे दिसे. लोक मुलांना घेऊन हे पाहायला जात. १९४० नंतरच्या दशकात ते धोक्याचे ठरून पाडायचे होते, पण एका बिअर कंपनीने घेऊन आधार देऊन सावरले. जुलै २०२३ मध्ये ते विकले गेले. ५ ऑगस्टच्या रात्री त्याला आग लागली आणि ७ ऑगस्टला ते जमीनदोस्त झाले. वरच्या मजल्याचा काही धोकादायक भाग उतरवायला स्थानिक कौन्सिलची संमती होती, सगळे घर पाडायला नव्हती. राष्ट्रीय यादीत त्याचे नाव नव्हते. ते यादीत घ्यावे असा अर्ज आगीच्या काही दिवस आधीच पोहोचला होता आणि विचाराधीन होता. अडीचशे वर्षांत अर्ज करायला कोणालाच वेळ झाला नाही, कारण सर्वांनाच वाटत होते, एवढे प्रसिद्ध घर, ते यादीत असणारच! फेब्रुवारी २०२४ मध्ये कौन्सिलने मालकांना तीन वर्षांत घर पूर्ववत बांधण्याची नोटीस दिली. मालकांनी त्यावर अपील केले.

तुम्ही म्हणाल, पाडलेले घर पुन्हा बांधून ते जुने थोडेच होणार? खरे आहे. पण लंडनच्या 'कार्लटन टॅव्हर्न'चे उदाहरण पाहा. १९२०-२१ च्या सुमारास बांधलेली ही खाणावळ २०१५ साली परवानगीवाचून पाडली गेली. तेव्हा ती यादीत घेण्याचा विचार चालू होता, आणि शेजाऱ्यांच्या सावधपणामुळे तिच्या फरशा, गिलावा, छायाचित्रे यांची तपशीलवार नोंद झालेली होती. त्या नोंदीच्या बळावर कौन्सिलने विटेला वीट जुळवून बांधा असा हुकूम दिला, आणि २०२१ साली ती पुन्हा उघडली. नोंद नसती तर 'पूर्वीसारखे' म्हणजे कसे, हे कोणी सांगितले असते?

आणखी एक तरतूद मला आपल्यासारख्यांच्या उपयोगाची वाटली. २०११ च्या एका कायद्याने गावकऱ्यांना गावातील दुकान, सभागृह, खाणावळ अशी जागा 'समाजोपयोगी' म्हणून नोंदवून घेता येते. मग मालकाने ती विकायला काढली तर गावाला पैसे जमवायला सहा महिन्यांची मुदत मागता येते. विकत द्यायलाच हवी असे मात्र नाही. कायदा होण्यापूर्वीच, २००३ साली, कंब्रियातील हेस्केट न्यूमार्केट या खेड्यातील शंभरावर लोकांनी भाग घेऊन आपली 'ओल्ड क्राउन' ही खाणावळ सहकारी तत्त्वावर विकत घेतली. इमारत राखायची तर धंदा चालला पाहिजे, गिऱ्हाईक आले पाहिजे. हे यादीला जमत नाही. ते गावालाच करावे लागते.

भाषणानंतर दोन प्रश्न विचारले गेले, त्यांची उत्तरेही येथे देते.

एका भगिनीने विचारले की आपल्याकडे असे कायदे नाहीत काय? आहेत. केंद्राचा प्राचीन स्मारकांचा कायदा १९५८ चा, महाराष्ट्राचा १९६० चा. पण त्यांत मुख्यतः लेणी, किल्ले, मंदिरे अशी मोठी स्मारके येतात. साध्या राहत्या-वावरत्या घरांसाठी मुंबईत १९९५ साली वारसा-इमारतींची नियमावली झाली. तीतही तीन श्रेण्या आहेत. लहान गावातील धर्मशाळेला मात्र यांतले क्वचितच काही पोहोचते.

दुसरा प्रश्न आपल्या नाक्यावरच्या धर्मशाळेचा होता. विश्वस्तांच्या मनात काय आहे ते त्यांनाच विचारले पाहिजे, आणि कार्यकारिणीने तसे पत्र देण्याचे ठरवले आहे. तोवर आपल्या हाती आहे ते करू. येत्या रविवारी सकाळी आठ वाजता आम्ही सातआठ जणी तेथे जाऊन खांब मोजणार आहोत, खण मोजणार आहोत, दारावरच्या शिळेवरचा लेख उतरून घेणार आहोत. लेखातील दोन ओळी रंगाखाली गेल्या आहेत. ज्या आजींनी त्या लहानपणी वाचल्या असतील त्यांनी कृपा करून यावे, रिक्षाची व्यवस्था केली आहे. मोजपट्टी दोघींकडे आहे, आणखी एक लांब मिळाली तर हवी आहे.